सातव्या सरीतला माणूस

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी फेब्रुवारीतच उन्हाचा चटका बसायला लागला, आणि मार्चच्या पहिल्या शुक्रवारी राजेश्वरीबाईंच्या एकुलत्या एका कादंबरीवरचा सिनेमा सांगलीत लागला.

बाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सगळी नोकरी उंब्रजच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली, निवृत्तीनंतर त्या सांगलीत विश्रामबागेला दोन खोल्यांत राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. कादंबरी एकच लिहिली, ती एकोणनव्वद साली. 'सातवी सरी' तिचं नाव. पहिली आवृत्ती संपायला अकरा वर्षं लागली आणि दुसरी निघाली नाही. बाईंना त्याचं फार वाईट वाटत नसे. ज्यांनी वाचली त्यांनी ती मनात ठेवली, एवढं त्यांना पुरत होतं.

सिनेमा काढणारा जयराज त्यांचाच विद्यार्थी.

उंब्रजच्या जत्रेला तेव्हा तंबूत सिनेमा यायचा. एखादा सिनेमा पुस्तकावरून काढलेला असला की बाई नववीच्या वर्गाला आधी पुस्तक वाचायला लावायच्या. शाळेत प्रत एकच असायची, मग त्या स्वतः रोज शेवटच्या तासाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पुस्तक संपलं की मुलं तंबूत जायची, आणि सोमवारी फळ्यावर बाई दोन रकाने आखायच्या. एका रकान्यावर 'राखलं', दुसऱ्यावर 'मोडलं'. पोरं धडाधड सांगायची. बाई, पुस्तकात म्हैस होती, सिनेमात गाय आहे. मोडलं. बाई, पुस्तकात आजी बोलत नाही, सिनेमात गाणं म्हणते. मोडलं. जयराज शेवटच्या बाकावर बसायचा आणि उशिरा हात वर करायचा. एकदा तो म्हणाला, "बाई, सिनेमातली विहीर पुस्तकातल्यापेक्षा मोठी हाय. पण त्या बाईला तिची भीती जेवढी वाटायची तेवढीच ठेवलीय. म्हणजे हे राखलं."

पंधरा वर्षांच्या पोराचं ते वाक्य बाईंनी पुढं छत्तीस वर्षं सांभाळलं. चांगला सिनेमा कसा ओळखायचा असं कुणी विचारलं की त्या विहिरीचं सांगायच्या. म्हशीची गाय झाली तरी चालेल, माणसाच्या पोटातली गोष्ट बदलता कामा नये.

म्हणून जयराज मोठा होऊन, मुंबईत दोन-तीन सिनेमे करून, एक दिवस विश्रामबागेच्या जिन्यावरून वर आला आणि पाया पडून म्हणाला, "बाई, सातवी सरी मला द्या," तेव्हा बाईंनी विचारसुद्धा केला नाही. उलट एक गोष्ट त्यांनी आपणहून केली, आणि सगळं बिघडलं ते तिथंच.

बाईंची एक सवय होती. उत्तर कुठून काढलं ते समासात पेन्सिलीनं लिहा, असं त्या मुलांना सांगायच्या. पान अमुक, ओळ तमुक. स्वतःलाही तीच शिस्त. कादंबरी छापून आल्यावर आपल्या प्रतीत त्यांनी जागोजागी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. हे बांधावरचं चिंचेचं झाड शाळेमागचं. ही म्हातारीची शिवी पोस्टातल्या मावशीची. आणि बेचाळिसाव्या पानावर: 'हे चंद्राबाईंनी सांगितले. उंब्रज, ७ मे १९८७. नवरा गुंडा. एकोणीस दिवस. सर्व खरे.'

ती प्रत बाईंनी जयराजच्या हातात ठेवली. "नुसती छापील नेऊ नकोस. ही ने. काय कुठून आलंय ते कळलं म्हणजे हात लावताना जपशील."

"तुमचाच विद्यार्थी आहे, बाई," तो म्हणाला.

आता ते सात मेचं सांगायला हवं.

चंद्राबाई बाईंच्या समोरच्या घरात राहायच्या. वयानं बाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नवरा गुंडा पलटणीत होता. त्या दिवशी दोघी गच्चीवर कुरडया घालत होत्या. चीक हाताला चिकटत होता, ऊन डोक्यावर यायच्या आत पाटी संपवायची होती, आणि मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना, चंद्राबाई म्हणाल्या, "बाई, एक सांगू? सोळा वर्सं झाली, कुणाला सांगितलं न्हाई."

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात गुंडा सुट्टीवर आला होता. रजा रद्द झाल्याची तार आली. आई-बापाच्या पाया पडून, ट्रंक घेऊन तो एसटीत बसला, सगळं गाव पोहोचवायला आलं होतं. अंधार पडल्यावर तो चालत परत आला आणि आपल्याच उसात शिरला. पासष्टच्या लढाईत त्याचा थोरला भाऊ गेला होता आणि घरी नुसता कागद आला होता. तो कागद गुंडाच्या डोक्यातून जात नव्हता. बांधापासून सातव्या सरीत पाला अंथरून तो राहिला. चंद्राबाई वैरणीच्या भाऱ्यात भाकरी लपवून न्यायची. तिला वीस वर्षंही झाली नव्हती. घरात कुणाला पत्ता नव्हता. आणि एकोणीस दिवसांनी कारखान्याची तोड आली. दुसऱ्या दिवशी टोळी फडात शिरणार, उभा ऊस आडवा होणार. मग चंद्राबाईनं त्याला पहाटे उठवलं, ओढ्यावर अंघोळ घातली, गणवेश चढवला आणि माहेरी जाते सांगून त्याच्याबरोबर एसटीत बसली. पलटणीच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. तो वळून बघत होता, ती म्हणाली, "आता म्होरं बगा." येताना स्टँडवर बसून त्याच्यासाठी बांधलेली भाकरी तिनं स्वतः खाल्ली, कारण भूक लागली होती.

त्याला शिक्षा झाली, कैद झाली, तोवर लढाई संपली. पुढं त्यानं नोकरी पुरी केली. गावाला सांगितलं की वाटेतच कावीळ झाली म्हणून लष्करी दवाखान्यात होता.

"लिहू का हे?" बाईंनी भीत भीत विचारलं होतं.

चंद्राबाईंनी बोटं निथळून घेतली. "लिवा. पर तीन गोष्टी पाळा. गाव बदला. नाव बदला. आन् त्येला मारू नका. पुस्तकातली माणसं लय मरत्यात, तुमीच वाचून दावता न्हवं."

बाईंनी तिन्ही पाळल्या. गाव बदललं, बायकोचं नाव येसू ठेवलं, गड्याचं धनाजी. आणि कादंबरी स्टँडवरच्या भाकरीशी संपवली.

सिनेमा लागला तेव्हा बाईंनी उंब्रजला फोन केला. चंद्राबाईंनी ते पुस्तक एकदाच, बाईंच्या तोंडून, दुपारच्या वेळी दार लावून ऐकलं होतं. आता डोळ्यांनी बघायला मिळेल, असं बाईंच्या मनात. चंद्राबाई जरा घुटमळल्या.

"ह्येंनी बी यायचं म्हंत्यात. पलटणीचा शिनेमा हाय, मला न्हाई व्हय नेत, म्हणून बसल्यात. त्येंला काय म्हाईत न्हाई बाई. पुस्तकाचंच म्हाईत न्हाई."

"येऊ द्या," बाई म्हणाल्या. "नावं बदललेली आहेत. दुसऱ्याच कुणाची गोष्ट वाटेल."

सकाळी दोघं भाड्याच्या गाडीनं आली. गुंडाभाऊ पंच्याहत्तरीचे, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीला पदकाची पट्टी. गावात त्यांना सगळे मेजर म्हणत. आमच्याकडं पलटणीतून आलेल्या शिपायालाही मेजरच म्हणतात. बाईंनी पुरण घालून ठेवलं होतं, पोळ्या आल्यावर लाटायच्या म्हणून. आधी सिनेमा, मग जेवण.

थिएटरच्या दारात फुलांची कमान होती. सिनेमाचं नाव बदललं होतं. नव्या नावात रक्त होतं, माती होती, कुंकूही होतं, सरी तेवढी नव्हती. बाईंना ते टोचलं, पण त्या स्वतःलाच म्हणाल्या, असू दे, म्हशीची गाय झाली. आत शिरल्यावर उजव्या हाताला एक काचेची पेटी होती. तिच्यात मखमलीवर त्यांचीच प्रत उघडून ठेवली होती, वर दिवा सोडला होता. बाईंना हसू आवरेना. कुणीतरी फोटोसाठी बोलावलं म्हणून त्या चंद्राबाईंचा हात धरून गेल्या. कोणतं पान उघडलंय ते त्यांनी पाहिलं नाही. चंद्राबाईंना वाचता येत नव्हतं. गुंडाभाऊंना येत होतं. फोटो होईपर्यंत ते पेटीपुढं हात मागं बांधून उभे होते.

"काय बगताय एवढं?" चंद्राबाईंनी हाक मारली.

"काय न्हाई. चला."

पुढचे अडीच तास कसे गेले ते बाईंनी नंतर कुणाला सांगितलं नाही. सिनेमात ऊस होता आणि त्यात लपलेला गडी होता. पण तोड आली नाही. सिनेमातली येसू त्याला केसाला धरून उसातून ओढत आणते, चावडीपुढं सगळ्या गावादेखत मुस्काटात मारते, मग कुंकवाचा टिळा लावून पाठवते. गाणं होतं. तो सीमेवर जातो, सात जणांना लोळवतो आणि मरतो. तिरंग्यातून येतो. येसू रडत नाही, कॅमेऱ्याकडं बघते. लोक शिट्ट्या मारत होते, पुढच्या रांगेत एक बाई हुंदके देत होती. आणि शेवटी पडदा काळा होऊन पांढरी अक्षरं आली. उंब्रजच्या चंद्राबाई यांच्या सत्य जीवनावर आधारित. वीरपत्नीस मानाचा मुजरा. खाली चंद्राबाईंचा फोटो. गेल्या वर्षी जयराजची माणसं गावात ऊस बघायला म्हणून आली होती, तेव्हा काढून नेलेला.

"माझा फोटू का दावला?" चंद्राबाई अंधारात विचारत होत्या. "बाई, माझा फोटू का? काय लिवलंय?"

तेव्हा पलीकडच्या खुर्चीतून गुंडाभाऊंनीच वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर, हजेरी घेतात तसं. मग म्हणाले, "म्हंजी मी मेलो."

तिघं गाडीपाशी आली. बाई म्हणाल्या, "भाऊ, घरी चला, पोळ्या करते," आणि आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं. गुंडाभाऊंनी गाडीचं दार उघडून बायकोला आधी बसवलं.

"त्या काचंत लिवलंय, एकोणीस दिवस," ते बाईंना म्हणाले. "आत जायच्या आधीच वाचलं मी. अक्षर तुमचंच हाय, आमच्या घराचा कागद तुमीच लिवला हुता."

"भाऊ, चूक माझी आहे. चंद्राबाईंची..."

"अकरा हुतं. एकोणीस न्हाई." ते चंद्राबाईंकडं बघत नव्हते. "सांगायचंच हुतं तर बराबर सांगायचं."

चंद्राबाई मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत होत्या. "अकराच आसंल," त्या म्हणाल्या. मग मान वर करून बाईंकडं पाहिलं. "नाव बदलते म्हणालात. गाव बदलते म्हणालात. मारत न्हाई म्हणालात."

"मी बदललं होतं, चंद्राबाई."

"मग ह्येनं कुटनं काढलं?"

त्याला उत्तर एकच होतं आणि ते काचेच्या पेटीत होतं. गाडी गेली. पुरण तीन दिवस तसंच राहिलं, चौथ्या दिवशी बाईंनी ते गाईला घातलं.

जयराजला त्यांनी फोन केले. तो उचलत नव्हता, हात जोडलेलं चित्र तेवढं पाठवायचा. उंब्रजहून मात्र बातम्या येत होत्या. पारावर गुंडाभाऊ आले की कुणीतरी म्हणायचं, "या हुतात्मे, बसा." दुसरा म्हणायचा, "सरकून बसा रं, मेजरना पाला लागतो अंथराया." भाऊंनी पारावर जायचं सोडलं. मग दारापुढच्या कट्ट्यावर बसायचंही सोडलं. घरात दोघं दोन खोल्यांत जेवायची.

महिनाभरानं महिला मंडळाच्या क्रांतीचा फोन आला. बोलायला चटपटीत, मनानं चांगली पोरगी, एकेकाळी बाईंच्याच वर्गातली.

"बाई, रविवारी शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवलाय चंद्राकाकूंचा. जयराजदादा येणार हायत. तुमीबी पायजेच."

"कसला सत्कार?"

क्रांती जरा अडखळली. "वीरपत्नी म्हणून. म्हंजी गुंडातात्या हायत हो, आमाला काय दिसत न्हाई व्हय. पर ब्यानर मुंबईवरनंच छापून आलंय. आता काय करायचं?"

बाई गेल्या. हायवेला उतरल्या तेव्हा पहिलं तेच दिसलं, पुलाखाली, माणसाच्या दुप्पट उंचीचं. वीरपत्नी चंद्राबाई. त्याच्या खालून एक म्हातारा सायकल ढकलत चालला होता.

शाळेच्या ऑफिसात जयराज भेटला. पाया पडला. बाईंनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

"त्या प्रतीतलं मी तुला जपायला दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"जपलंच की. काचेत ठेवलं." मग त्याचाच आवाज उतरला. "बाई, तुम्ही लिहिलंय ना, सर्व खरे? खरी गोष्ट आहे म्हटल्यावर लोक येतात. नाहीतर बाई स्टँडवर बसून भाकरी खाते, हे बघायला सांगलीत कोण येणार होतं?"

"माणूस जिवंत आहे, जयराज. घरात बसलाय तो."

"सिनेमातला मेला, बाई. तुम्हीच शिकवलंत. मी फक्त विहीर मोठी केली."

"विहीर मोठी नाही केलीस," बाई म्हणाल्या. "तिच्यात माणूस ढकललास."

त्याला वाईट वाटलं असेलही. पण बाहेर माईकवर त्याचं नाव पुकारलं आणि तो शर्ट सारखा करून गेला.

पटांगण भरलं होतं. चंद्राबाई स्टेजवर हिरव्या साडीत बसल्या होत्या, हळदीकुंकवाला आणून बसवलेल्या नव्या सुनेसारख्या खाली बघत. गुंडाभाऊ आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. अगदी मागं, सायकलींच्या रांगेपाशी, छातीला पट्टी लावून ताठ उभे होते. पुढची काही पोरं वळून वळून त्यांच्याकडं बघत होती.

लेखिकेनं दोन शब्द बोलावेत, असं क्रांतीनं सांगितलं. बाई उठल्या. ह्याच पटांगणात उभं राहून त्यांनी अडतीस वर्षं पोरांना खरं लिहा म्हणून सांगितलं होतं.

"मी राजेश्वरी," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या निम्म्यांना मी शिकवलंय, तेव्हा गप्प बसून ऐका. ते पुस्तक माझ्या मनचं आहे. सगळं. उसात कुणी लपलं नव्हतं. चंद्राबाईंनी मला काही सांगितलं नाही. पुस्तकाला वजन यावं म्हणून समासात मी शेजारणीचं नाव टाकलं, तारीख टाकली. ती माझी लबाडी. गुंडाभाऊंना एकाहत्तर साली कावीळ झाली होती. दवाखान्याचे कागद मी ह्या डोळ्यांनी पाहिलेत."

पटांगणात कुजबूज झाली. जयराज खुर्चीतून अर्धा उठला आणि माईकला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "बाई, हे खोटं बोलताय तुम्ही."

"हो," बाई म्हणाल्या. माईकनं ते ऐकवलं, पण कुणाला कशाचं उत्तर ते कळलं नाही.

मग जयराजनं माईक घेतला. फार हळुवारपणे, हात जोडून तो म्हणाला की बाईंचं आता वय झालंय, अलीकडं त्यांना आठवत नाही, आपण सगळ्यांनी त्यांना सांभाळून घ्यायला हवं. लोकांनी माना डोलावल्या. कुणाला बाईंचं खरं वाटलं, कुणाला जयराजचं. पण त्या दिवसापासून बोलायला नवा विषय मिळाला. बाईंना भ्रम झालाय, पुस्तकात काहीबाही लिहून ठेवलंय बिचारीनं. आणि बाईंनी काहीबाही लिहिलंय म्हटल्यावर गुंडाभाऊंची कावीळ पुन्हा खरी झाली.

सत्कार झालाच नाही. चंद्राबाई नारळ न घेता स्टेजवरून उतरल्या. बाईंच्या जवळून गेल्या, थांबल्या नाहीत. मागं सायकलींपाशी गुंडाभाऊ होते. दोघं एकामागं एक घराकडं चालू लागली, पुढं ते, मागं त्या, मध्ये चार हात अंतर.

ह्याला आता बराच काळ लोटला. जयराजच्या सिनेमाला पुरस्कार मिळाला, तो घेताना त्यानं बाईंचं नाव घेतलं. हल्ली तो दुसऱ्या एका पुस्तकावर सिनेमा करतोय, लिहिणारी बाई हयात नाही म्हणे. क्रांती पंचायतीत निवडून आली. पुलाखालचं बॅनर तिनं स्वतः शिडी लावून काढलं होतं. त्याचं कापड कुणाच्या तरी कडब्यावर झाकलेलं पुष्कळ दिवस दिसायचं.

गुंडाभाऊ पुन्हा पारावर जायला लागले होते. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, तोडी सुरू झाल्या तेव्हा, झोपेतच गेले. गावातली पलटणीची माणसं गणवेश चढवून आली होती. तिरडीवर झेंडा घालावा असं कुणीतरी म्हणालं. चंद्राबाई नको म्हणाल्या.

बाई त्या वेळी गेल्या नाहीत. बोलावणं नव्हतं. त्यांची प्रत जयराजनं कुरियरनं परत पाठवली, ती कपाटात आहे. समासातलं अक्षर खोडायला त्यांनी एकदा रबर घेतलं होतं. बेचाळिसाव्या पानाचा कागद आता फार पातळ झालाय, फाटेल म्हणून ठेवून दिलं. विश्रामबागेतली माणसं त्यांच्याशी जरा सावकाश, जरा मोठ्यानं बोलतात. औषध घेतलं का विचारतात. बाई घेतलं म्हणतात.

गुंडाभाऊंचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर उंब्रजचा होता. मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता.

"एकोणीसच हुतं, बाई," चंद्राबाई म्हणाल्या.

बाई काही बोलायच्या आत फोन बंद झाला. त्यानंतर तो आला नाही. बाईंनीही केला नाही.